‘आय’ की ‘मी’? इंग्रजी सर्वनामांच्या रूपांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वाचायला लागण्याआधी एक खूण लक्षात ठेवा. या पानावर इंग्रजी शब्द एकेरी अवतरणात आहेत आणि मराठी वाक्यं दुहेरी अवतरणात. म्हणजे ‘मी’ दिसलं की ते इंग्रजी ‘एम-ई’, आणि “मी” दिसलं की आपलं नेहमीचं मी. ‘ही’ म्हणजे ‘एच-ई’, ‘दे’ म्हणजे ‘टी-एच-ई-वाय’. नेमके हेच उच्चार मराठीतही आहेत आणि त्यांचे अर्थ भलतेच आहेत, म्हणून हा खटाटोप.

केस म्हणजे काय? एकूण रूपं किती?

वाक्यातलं काम बदललं की सर्वनामाचं रूप बदलतं. त्या रूपाला इंग्रजी व्याकरणात ‘केस’ म्हणतात. आपल्या विभक्तीचीच ही चुलत बहीण. शाळेत आपण प्रथमेपासून संबोधनापर्यंत आठ विभक्त्या पाठ केल्या. इंग्रजी सर्वनामाचं काम तीन रूपांत भागतं. कर्त्याचं रूप, कर्माचं रूप आणि मालकीचं रूप. मालकीचं रूप पुन्हा दोन प्रकारचं असतं: एक नामाच्या आधी येणारं, दुसरं एकटं उभं राहणारं.

कर्ता – कर्म – मालकी, नामाआधी – मालकी, एकटं
आय – मी – माय – माइन
वी – अस – अवर – अवर्स
यू – यू – युअर – युअर्स
ही – हिम – हिज – हिज
शी – हर – हर – हर्स
इट – इट – इट्स – सहसा वापरत नाहीत
दे – देम – देअर – देअर्स
हू – हूम – हूज – हूज

कर्ता आणि कर्म या दोन रकान्यांत ‘यू’ आणि ‘इट’ बदलत नाहीत, त्यामुळे तिथे चुकायला जागाच नाही. सगळा घोळ उरलेल्या सहा जोड्यांत होतो. ‘हर’ मात्र दोन खुर्च्यांवर बसतं: ‘आय मेट हर’ यात ते कर्म आहे, ‘आय मेट हर मदर’ यात मालकी.

इंग्रजीत नामं बदलत नाहीत, मग सर्वनामंच का बदलतात?

साधारण इ.स. 1100 पूर्वीच्या जुन्या इंग्रजीत नामांनाही विभक्तीचे प्रत्यय लागत. पुढे ते झिजले आणि कर्ता कोण, कर्म कोण हे शब्दांच्या जागेवरून ठरू लागलं. सर्वनामं रोज शेकडो वेळा तोंडात येणारी, म्हणून त्यांची जुनी रूपं टिकली. सगळीच टिकली असंही नाही. एकेकाळी कर्त्यासाठी ‘ये’ आणि कर्मासाठी ‘यू’ अशी वेगळी रूपं होती. 1611 सालच्या इंग्रजी बायबलमध्ये हा भेद बऱ्यापैकी पाळलेला दिसतो. नंतर ‘ये’ मागे पडलं आणि ‘यू’नं दोन्ही जागा घेतल्या.

“मला” म्हणजे ‘मी’, “त्याला” म्हणजे ‘हिम’ हे समीकरण चालतं का?

“त्याने मला बोलावलं” इथे चालतं: ‘ही कॉल्ड मी’. पण याच्या भरवशावर राहू नका. मराठी माणसाच्या इंग्रजीत सर्वनामाचे जे घोटाळे होतात, त्यातले बरेचसे या समीकरणातून येतात.

मराठीत ज्याला काही वाटतं, आवडतं, हवं असतं, ठाऊक असतं, त्याला आपण “ला” लावतो. इंग्रजी त्याच माणसाला कर्ता करते.

“मला भूक लागली आहे” – ‘आय ॲम हंग्री’.
“तिला गाणं आवडतं” – ‘शी लाइक्स म्युझिक’.
“त्यांना माहीत नव्हतं” – ‘दे डिड नॉट नो’.
“आम्हाला जायचं आहे” – ‘वी वॉन्ट टु गो’.
“त्याला दोन बहिणी आहेत” – ‘ही हॅज टू सिस्टर्स’.

इतर प्रत्ययांचंही असंच. “माझ्याकडे वेळ नाही” याचं ‘आय हॅव नो टाइम’ होतं. “माझ्याने हे होणार नाही” याचं ‘आय कॅनॉट डू धिस’. “तिचं डोकं दुखतंय” याचं ‘शी हॅज अ हेडेक’. मराठीत चतुर्थी, तृतीया, षष्ठी काहीही असो, इंग्रजीत तिन्ही ठिकाणी कर्त्याचं रूप आलं.

“ने”चा सापळा वेगळा आहे. “त्याने पत्र लिहिलं” यातला “ने” पाहून काहीजण ‘बाय हिम’ लिहितात आणि वाक्य विनाकारण कर्मणी होतं. मराठीत सकर्मक क्रियापदाच्या भूतकाळात कर्त्याला सहसा “ने” लागतो. इंग्रजीला त्याचं काही देणंघेणं नाही. सरळ ‘ही रोट अ लेटर’.

उलट दिशेचं उदाहरण तर फारच बोलकं आहे. “मी जावं असं तिला वाटतं.” इथे “मी” प्रथमेत आहे आणि “तिला” चतुर्थीत. इंग्रजीत दोघांची अदलाबदल होते: ‘शी वॉन्ट्स मी टु गो’. शब्दाला शब्द लावत गेलात तर ‘शी वॉन्ट्स दॅट आय गो’ असं काहीतरी तयार होतं आणि ते इंग्रजी कानाला खटकतं.

म्हणून क्रम असा ठेवा. आधी इंग्रजी क्रियापद पक्कं करा: ‘लाइक’, ‘हॅव’, ‘वॉन्ट’, जे असेल ते. मग त्या क्रियापदाचा कर्ता होऊन आधी कोण येतं ते पाहा. तिथे कर्त्याचं रूप. क्रियापदाच्या किंवा ‘टु’, ‘फॉर’, ‘विथ’सारख्या शब्दाच्या नंतर कोण आहे ते पाहा, तिथे कर्माचं रूप. मराठी प्रत्यय या हिशेबात धरायचाच नाही.

‘यू अँड आय’ बरोबर की ‘यू अँड मी’?

दोन्ही बरोबर, आपापल्या जागी. जोडीतल्या दुसऱ्या माणसावर बोट ठेवून तो झाकायचा आणि उरलेलं वाक्य वाचायचं.

‘माय ब्रदर अँड मी वेंट टु नाशिक’ यातला भाऊ झाका. ‘मी वेंट टु नाशिक’ असं कोणी म्हणणार नाही. म्हणून ‘माय ब्रदर अँड आय’.

‘द मॅनेजर कॉल्ड माय ब्रदर अँड आय’ यातला भाऊ झाका. ‘द मॅनेजर कॉल्ड आय’? नाही. म्हणून ‘माय ब्रदर अँड मी’.

दुसरी चूक पहिलीपेक्षा जास्त आढळते, आणि तीही चांगलं इंग्रजी येणाऱ्यांकडून. लहानपणी ‘मी अँड माय फ्रेंड’ म्हटलं की शिक्षक लगेच दुरुस्त करतात: ‘माय फ्रेंड अँड आय’ म्हण. मुलाच्या डोक्यात नियम बसतो की ‘अँड’च्या पुढे ‘आय’च सभ्य. मग तो ‘आय’ जिथे नको तिथेही घुसतो. हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. इंग्लंड-अमेरिकेत इंग्रजीतच वाढलेली माणसंही हेच करतात.

झाकून पाहण्याची पद्धत एका ठिकाणी अडते. ‘बिट्वीन’ला दोन माणसं लागतात, त्यामुळे एक झाकला तर वाक्यच उरत नाही. तिथे अख्खी जोडी काढून तिच्या जागी ‘वी’ किंवा ‘अस’ घालून पाहा. ‘बिट्वीन वी’ होत नाही, ‘बिट्वीन अस’ होतं. म्हणजे ‘बिट्वीन यू अँड मी’. जोडीत तुम्ही स्वतः नसाल तर ‘दे’ आणि ‘देम’ घालून पाहा: ‘बिट्वीन देम’, म्हणून ‘बिट्वीन हिम अँड हर’.

शेक्सपिअरच्या ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’मधल्या एका पत्रात ‘बिट्वीन यू अँड आय’ आहे, हे खरं. त्या काळी हे नियम आजच्याइतके घट्ट झालेले नव्हते. आज अर्जात किंवा परीक्षेत तसं लिहिलंत तर तो दाखला कामी येणार नाही.

जोडीतली दोन्ही सर्वनामं एकाच जातीची असतात, हेही पाहून घ्या. ‘हिम अँड आय’ ही जोडी कुठेच बसत नाही. कर्त्याच्या जागी ‘ही अँड आय’, कर्माच्या जागी ‘हिम अँड मी’.

‘यू, ही अँड आय’ हा 2-3-1 चा क्रम सक्तीचा आहे का?

तो व्याकरणापेक्षा शिष्टाचाराचा भाग आहे. समोरचा आधी, गैरहजर माणूस नंतर, आपण शेवटी. आपल्याकडच्या परीक्षा-पुस्तकांत याला नियमाचं रूप दिलेलं असतं, सोबत पुरवणीही असते: चूक किंवा गुन्हा कबूल करताना 1-2-3, म्हणजे ‘आय’ आधी; अनेकवचनातही तोच क्रम, ‘वी, यू अँड दे’. स्पर्धा परीक्षेत तसंच उत्तर द्या, गुण त्यालाच आहेत. एरवी ‘आय अँड माय वाइफ’ लिहिलं तर वाक्य अशुद्ध होत नाही, जरा उद्धट वाटतं इतकंच.

कोणत्या शब्दांपुढे डोळे झाकून कर्माचं रूप घ्यावं?

‘टु’, ‘फॉर’, ‘फ्रॉम’, ‘विथ’, ‘बाय’, ‘ऑफ’, ‘अबाउट’, ‘अगेन्स्ट’, ‘बिट्वीन’, ‘अमंग’, ‘विदाउट’, ‘एक्सेप्ट’, ‘नियर’, ‘बिहाइंड’. हे शब्द नामाआधी येतात आणि त्यांच्या नंतरचं सर्वनाम कर्माच्या रूपात असतं. ‘एव्हरीवन एक्सेप्ट हिम’, ‘अ गिफ्ट फॉर माय पेरेंट्स अँड मी’.

‘लेट’ हे क्रियापद आहे, पण तोच नियम: ‘लेट हिम गो’, ‘लेट यू अँड मी डिसाइड’. इथे मराठी मदतीला येते, कारण आपणही “त्याला जाऊ दे” म्हणतो. ‘मेक’, ‘सी’, ‘हिअर’, ‘हेल्प’ यांच्या नंतरही असंच: ‘शी मेड देम वेट’.

‘आफ्टर’, ‘बिफोर’ आणि ‘सिन्स’ मात्र दुहेरी आहेत. ‘आफ्टर मी’ म्हणजे “माझ्यानंतर”. पण ‘आफ्टर आय लेफ्ट’ म्हणजे “मी निघाल्यावर”. पुढे स्वतंत्र क्रियापद आलं की सर्वनाम त्याचा कर्ता होतं.

‘टॉलर दॅन आय’ लिहावं की ‘टॉलर दॅन मी’?

यावर जाणकारांतही दोन तट आहेत. जुनं मत असं की ‘दॅन’ हे उभयान्वयी अव्यय आहे, त्यानंतर ‘आय ॲम’ हे छोटं वाक्य लपलेलं आहे, म्हणून ‘आय’. दुसरं मत असं की बोलताना बहुतेक सगळे ‘दॅन मी’ म्हणतात आणि तिथे ‘दॅन’ शब्दयोगी अव्ययासारखं वागतं. आजच्या बोलण्यात, ईमेलमध्ये, बातमीत ‘दॅन मी’ला कोणी हरकत घेत नाही. परीक्षेत ‘दॅन आय’ सुरक्षित.

दोन्ही टाळायचे असतील तर क्रियापद जोडा: ‘ही इज टॉलर दॅन आय ॲम’. ना जुनाट वाटतं, ना चुकीचं.

अर्थ बदलतो तिथे मात्र निवड जपून करावी लागते. ‘शी ट्रस्ट्स यू मोअर दॅन आय’ म्हणजे “माझा तुझ्यावर जेवढा विश्वास आहे, त्यापेक्षा तिचा जास्त आहे”. ‘शी ट्रस्ट्स यू मोअर दॅन मी’ म्हणजे “तिचा माझ्यापेक्षा तुझ्यावर जास्त विश्वास आहे”. एका शब्दानं कोणावर अविश्वास आहे तेच बदललं. अशा वाक्यात ‘दॅन आय डू’ किंवा ‘दॅन शी ट्रस्ट्स मी’ असं पूर्णच लिहावं. ‘ॲज’लाही हेच सगळं लागू.

‘सीनियर’, ‘ज्युनियर’, ‘सुपीरियर’, ‘इन्फीरियर’ यांच्या पुढे ‘दॅन’ येतच नाही, ‘टु’ येतो. त्यामुळे वादही नाही. ‘ही इज सीनियर टु मी’. “माझ्यापेक्षा सीनियर” हे आपल्या इतकं अंगवळणी पडलंय की ‘सीनियर दॅन मी’ सहज निसटतं.

‘इट इज आय’ की ‘इट इज मी’?

दार वाजवल्यावर आतून “कोण?” असं विचारलं, तर ‘इट इज मी’. ‘इट इज आय’ म्हणाल तर आतला माणूस बिचकेल. पारंपरिक व्याकरण सांगतं की ‘इज’ हे कर्म घेणारं क्रियापद नाही, दोन्ही बाजू एकच व्यक्ती दाखवतात, म्हणून दोन्हीकडे कर्त्याचं रूप हवं. तर्क चोख आहे, पण भाषेनं तो कधीच बाजूला ठेवला.

पुढे ‘हू’ आलं की जुना नियम अजून जोर धरून आहे: ‘इट वॉज ही हू साइन्ड द चेक’. औपचारिक लेखनात असंच लिहा. क्रियापदही त्या सर्वनामाप्रमाणे चालतं: ‘इट इज आय हू ॲम रिस्पॉन्सिबल’. “वाक्यातली चूक शोधा” छापाच्या प्रश्नात ‘आय हू इज’ देऊन उमेदवाराला हमखास चकवतात.

सर्वनाम एकटंच उत्तर म्हणून आलं तर कर्माचं रूप: ‘हू वॉन्ट्स टी?’ – ‘मी!’ किंवा ‘मी टू’. क्रियापद आलं की ‘आय’: ‘आय डू’, ‘सो डू आय’, ‘नायदर डू आय’.

‘हू’ आणि ‘हूम’ कसं ओळखायचं?

प्रश्नाचं उत्तर ‘ही’ येतं की ‘हिम’, ते पाहा. ‘हिम’च्या शेवटी ‘म’ आहे, ‘हूम’च्याही शेवटी ‘म’ आहे. ‘हू / हूम डिड यू मीट?’ – ‘आय मेट हिम’ – म्हणून ‘हूम’. ‘हू / हूम ब्रोक द ग्लास?’ – ‘ही ब्रोक इट’ – म्हणून ‘हू’.

“कोण” आणि “कोणाला” यांची मदत घेता येते, पण पुन्हा तोच “ला” आडवा येतो. “तू कोणाला भेटलास?” याला ‘हूम’ बसतं. “चहा कोणाला हवाय?” याला बसत नाही, ‘हू वॉन्ट्स टी?’

खरी कसोटी लागते ती मधे ‘आय थिंक’, ‘वी बिलीव्ह’, ‘दे सेड’ असा तुकडा आल्यावर.

‘द मॅन हू आय थिंक स्टोल द बाइक’. ‘आय थिंक’ पाहून ‘हूम’ लिहावंसं वाटतं. तो तुकडा बोटाखाली झाका: ‘द मॅन हू स्टोल द बाइक’. ‘स्टोल’चा कर्ता हवा आहे, म्हणून ‘हू’.

‘द मॅन हूम आय सॉ निअर द बाइक’. इथे ‘आय सॉ’ झाकलं तर वाक्यच मोडतं, म्हणजे तो तुकडा वरून घातलेला नाही. ‘आय सॉ हिम’, म्हणून ‘हूम’.

‘हूएव्हर’ आणि ‘हूमएव्हर’चा पेच याहून बारीक आहे. ‘गिव्ह द कीज टु हूएव्हर कम्स फर्स्ट’ हे बरोबर. ‘टु’च्या नंतर कर्माचं रूप हवं ना? हवं, पण ‘टु’चं कर्म आहे तो सगळा तुकडा, ‘हूएव्हर कम्स फर्स्ट’. तुकड्याच्या आत सर्वनामाला ‘कम्स’चा कर्ता व्हायचं आहे. रूप नेहमी आतल्या कामावरून ठरतं. त्याउलट ‘गिव्ह द कीज टु हूमएव्हर यू ट्रस्ट’, कारण ‘यू ट्रस्ट हिम’.

बोलताना ‘हू डिड यू मीट?’ सर्रास चालतं आणि कोणाचं काही बिघडत नाही. मात्र शब्दयोगी अव्यय लगेच आधी आलं तर ‘हूम’ला पर्याय नाही: ‘टु हूम’, ‘विथ हूम’. तेवढंही अवघड वाटत असेल तर अव्यय शेवटी न्या: ‘हू डिड यू गो विथ?’

‘वी टीचर्स’ आणि ‘अस टीचर्स’ यांत फरक काय?

मराठीत जो आहे तोच. “आम्ही शिक्षक मागणी करतो” आणि “आम्हा शिक्षकांना सुट्टी नाही”. पहिलं ‘वी टीचर्स डिमांड’, दुसरं ‘दे गेव्ह अस टीचर्स नो लीव्ह’. खात्री करायची तर ‘टीचर्स’ झाका. मराठीची विभक्ती आणि इंग्रजीची केस इतक्या तंतोतंत जुळण्याची ठिकाणं थोडी आहेत, मिळेल तिथे फायदा घ्या.

‘मायसेल्फ अमुकतमुक, फ्रॉम कोल्हापूर’ अशी ओळख करून द्यावी का?

नको. भारतात हे इतकं रुळलंय की मुलाखतीच्या तयारीत कधीकधी तसंच शिकवतात. पण ‘मायसेल्फ’ कर्त्याच्या जागी एकटं उभं राहू शकत नाही. ‘आय ॲम’ किंवा ‘माय नेम इज’ म्हणा.

‘सेल्फ’ची रूपं दोनच कामं करतात. कर्ता आणि कर्म एकच असतात तेव्हा: ‘आय कट मायसेल्फ’. किंवा ठासून सांगायचं असतं तेव्हा: ‘आय मायसेल्फ चेक्ड द बिल’. दोन्हीत कर्ता म्हणून ‘आय’ हजर आहे. ‘प्लीज कॉन्टॅक्ट द मॅनेजर ऑर मायसेल्फ’ यात तो कुठेच नाही, म्हणून तिथे ‘मी’ हवं. ऑफिसच्या ईमेलमध्ये हा ‘मायसेल्फ’ बऱ्याचदा ‘आय की मी’ हे ठरवता न आल्यामुळे येतो. मधला मार्ग वाटतो, पण तोही चूकच.

जुन्या वळणाच्या इंग्रजीत ‘एन्जॉय’ला कर्म लागतं. नुसतं ‘वी एन्जॉइड’ आपल्याकडे चालतं, ब्रिटिश वाचकाला ते अर्धवट वाटतं. ‘वी एन्जॉइड अवरसेल्व्ज’ किंवा ‘वी एन्जॉइड द ट्रिप’ लिहा. ‘हिजसेल्फ’ आणि ‘देअरसेल्व्ज’ हे शब्द प्रमाण इंग्रजीत नाहीत. ‘हिमसेल्फ’, ‘देमसेल्व्ज’.

मालकीच्या रूपांत अपॉस्ट्रॉफी (अक्षरांच्या वर लावायचं स्वल्पविरामासारखं चिन्ह) कुठे लावायची?

कुठेच नाही. ‘युअर्स’, ‘हर्स’, ‘अवर्स’, ‘देअर्स’, मालकीचं ‘इट्स’: सगळी बिनअपॉस्ट्रॉफीची. पत्राच्या शेवटी ‘युअर्स फेथफुली’ लिहिताना ‘एस’च्या आधी हे चिन्ह देण्याची सवय अनेकांना असते, ती मोडा. ‘इट्स’मध्ये अपॉस्ट्रॉफी आली की त्याचा अर्थ ‘इट इज’ किंवा ‘इट हॅज’ होतो. वाक्यात ‘इट इज’ घालून पाहा. अर्थ लागला तर चिन्ह द्या, नाहीतर नको. ‘हूज’चंही तसंच: मालकीचं ‘डब्ल्यू-एच-ओ-एस-ई’, आणि ‘हू इज’चं आखूड रूप चिन्हासह.

नुसतं ‘माय’ नामाशिवाय राहत नाही आणि ‘माइन’ नामाआधी येत नाही. “माझा एक मित्र” याचं ‘अ फ्रेंड ऑफ माइन’ होतं. ‘अ फ्रेंड ऑफ मी’ नाही.

‘हिज’ आणि ‘हर’मध्ये गोंधळ का होतो?

“त्याची बहीण” यातल्या “ची”कडे पाहून हात ‘हर’कडे जातो. इंग्रजीत मालक कोण एवढंच पाहायचं. मालक पुरुष, म्हणून ‘हिज सिस्टर’. मराठीत “त्याची” आणि “तिची” हा भेद मुळातच असल्यामुळे आपल्याला हे फार जड जात नाही; हिंदीत दोघांनाही “उसकी”च असतं, तिथे ही चूक जास्त दिसते.

आपल्याकडची खरी अडचण “आपला” हा शब्द. “तिने आपल्या नवऱ्याला सांगितलं” यात मालकाचं लिंग लपलं. भाषांतर करताना आधी “आपल्या”च्या जागी “तिच्या” किंवा “त्याच्या” घाला, मग इंग्रजीत जा: ‘शी टोल्ड हर हजबंड’.

‘डू यू माइंड मी ओपनिंग’ की ‘माय ओपनिंग’?

क्रियापदाला ‘आयएनजी’ लागून त्याचं नाम झालं असेल तर औपचारिक लेखनात त्याआधी मालकीचं रूप: ‘डू यू माइंड माय ओपनिंग द विंडो?’, ‘वी अप्रिशिएट युअर कमिंग’. आपलं “माझं जाणं”, “तुमचं येणं” अगदी असंच चालतं. बोलताना ‘मी ओपनिंग’ सगळीकडे ऐकू येतं.

‘आय सॉ हिम क्रॉसिंग द रोड’ इथे मात्र ‘हिज’ नको. तुम्ही पाहिलं ते माणसाला, रस्ता ओलांडण्याच्या क्रियेला नाही.

सर, बाई, आजोबा यांच्यासाठी ‘दे’ वापरावं का?

मराठीत “सर आले, ते म्हणाले” असं आदरार्थी अनेकवचन येतं. इंग्रजीत एका माणसासाठी ‘ही’ किंवा ‘शी’. त्यात अनादर नाही. ‘माय ग्रँडफादर वॉज अ फार्मर. दे हॅड टू बुलक्स’ वाचलं तर आजोबा एकटे नव्हते असं वाटेल.

एकवचनी ‘दे’ इंग्रजीत आहे, पण त्याचं कारण निराळं. व्यक्ती स्त्री की पुरुष हे माहीत नसेल किंवा सांगायचं नसेल तेव्हा ते येतं: ‘समवन लेफ्ट देअर अम्ब्रेला’. ही वहिवाट काही शतकांची आहे. 2019 मध्ये मेरियम-वेबस्टर या अमेरिकी शब्दकोशानं ‘दे’ला वर्षाचा शब्द ठरवलं. जी व्यक्ती स्वतःसाठी ‘दे’ वापरायला सांगते, तिच्यासाठीही ते येतं. अर्थ एकवचनी असला तरी क्रियापद अनेकवचनीच राहतं: ‘दे आर’, ‘दे हॅव’. जुन्या पुस्तकांवर बेतलेल्या परीक्षेत ‘एव्हरीवन’ला ‘हिज’ हेच उत्तर अपेक्षित असू शकतं. पर्याय नीट पाहून ठरवा.

संगणकातलं व्याकरण तपासणारं सॉफ्टवेअर या चुका पकडतं का?

‘बिट्वीन यू अँड आय’सारखी ठळक चूक सहसा पकडतं. पण ‘शी ट्रस्ट्स यू मोअर दॅन आय’ आणि ‘मोअर दॅन मी’ ही दोन्ही वाक्यं व्याकरणात बसतात, त्यामुळे तुम्हाला कोणता अर्थ हवा होता हे यंत्र ओळखू शकत नाही. ‘हर’ आणि ‘हिज’चंही तेच: ‘शी टोल्ड हिज हजबंड’ हे वाक्य म्हणून शुद्ध आहे, नवरा मात्र बदलला. महत्त्वाचा मजकूर पाठवण्याआधी ‘अँड’, ‘दॅन’, ‘ॲज’, ‘हू’ आणि ‘सेल्फ’ हे पाच शब्द शोधपट्टीत टाकून प्रत्येक जागा डोळ्यांखालून घाला, आणि ‘हिज’-‘हर’ आले असतील तिथे मालक कोण ते मूळ मराठीशी ताडून पाहा.